पंच कोण असावा, हे बिट जमादाराच्या ओळखीवर सोडू नका

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक, विदर्भातील अकरा जिल्हे
प्रत : गृह विभाग, महाराष्ट्र शासन, सर्व जिल्हाधिकारी

विषय : फौजदारी गुन्ह्यांतील पंचांची पात्रता, निवड आणि गावातील सर्व वस्त्यांचे प्रतिनिधित्व

महोदय / महोदया,

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू झाली. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण कलम १०५ ने सक्तीचे केले. ठाण्यांना त्यासाठी ई-साक्ष्य ॲप मिळाले, अंमलदारांची प्रशिक्षणे झाली. त्या कॅमेऱ्यासमोर पंच म्हणून, म्हणजे झडती-जप्ती डोळ्यांनी पाहून पंचनाम्यावर सही करणारा साक्षीदार म्हणून, कोणाला उभे करायचे, हा प्रश्न मात्र होता तिथेच राहिला. खेड्यापाड्यांतल्या ठाण्यांत हे काम आजही बिट जमादाराच्या, म्हणजे त्या भागाची जबाबदारी असलेल्या हवालदाराच्या, ओळखीवर चालते.

आम्ही विदर्भातल्या तालुका आणि सत्र न्यायालयांत फौजदारी काम करणारे वकील आहोत. आमच्यातले काही आरोपीच्या बाजूने उभे राहतात, काही फिर्यादीच्या. पंच कच्चा असला की नुकसान दोन्हीकडे होते. खोट्या जप्तीवर निर्दोष माणूस महिनोन्‌महिने कारागृहात राहतो, आणि ज्याने खरेच गुन्हा केला तो पंच फितूर झाला म्हणून सुटतो. तो निर्दोष माणूस आणि न्याय न मिळालेला फिर्यादी, दोघेही आमचे पक्षकार असतात, म्हणून हे पत्र लिहीत आहोत. लोकांनाही ते वाचता यावे, कारण पंच म्हणून उद्या त्यांच्यापैकीच कोणाला तरी हाक मारली जाणार आहे.

आपल्या देशात एके काळी ज्युरी, म्हणजे खटल्याचा निकाल देणारे सामान्य नागरिकांचे मंडळ, होती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरर कोण होऊ शकतो हे लिहिलेले होते : २१ ते ६० वयाचा, जिल्ह्यात राहणारा पुरुष. सूट कोणाला, तेही लिहिलेले होते. सत्र न्यायाधीश आणि कलेक्टर मिळून यादी तयार करत, ती प्रसिद्ध होई, तिच्यावर हरकती घेता येत, आणि समन्स दिलेल्यांतून ज्युरर चिठ्ठी टाकून निवडले जात. त्या यादीत स्त्रियांना जागा नव्हती, हा तिचा मोठा दोष. १९५९ च्या नानावटी खून खटल्यात मुंबईच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले, हे सर्वांना माहीत आहे. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ज्युरीला स्थान उरले नाही. ज्युरी परत आणा, असे आमचे म्हणणे नाही. पण ज्युरी गेल्यावर गुन्ह्याच्या तपासात सामान्य नागरिकाला उरलेली मुख्य जागा पंचाची आहे. पंच निकाल देत नाही, डोळ्यांनी पाहिलेले न्यायालयात सांगतो. तरी कित्येक खटले त्याच्या त्या चार वाक्यांवर उभे राहतात किंवा पडतात. आणि या जागेसाठी यादी नाही, हरकत नाही, चिठ्ठी नाही.

कायद्यात आहे ते एवढेच. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०३(४) म्हणते, झडतीपूर्वी त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी बोलवा. तिथले कोणी उपलब्ध नसेल किंवा तयार नसेल तर दुसऱ्या भागातले. मरणोत्तर पंचनाम्यासाठी कलम १९४ शेजारपाजारचे दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी मागते. प्रतिष्ठा कशी मोजायची, हे कुठेच सांगितलेले नाही. व्यवहारात ती सात-बाऱ्यावर मोजली जाते, किंवा ठाण्यापासूनच्या अंतरावर.

आता आमच्या तक्रारी.

सर्वांत जुनी तक्रार ठरलेल्या पंचांची. ठाण्यासमोरचा चहावाला, खासगी गाडीचा चालक, पानठेल्यावर बसणारा पोरगा. बोलावले की येतात, सही कुठे करायची ते त्यांना पाठ असते. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांत तर एकाच माणसाच्या सह्या गुन्ह्यामागून गुन्ह्यात सापडतात. उलटतपासात पहिलाच प्रश्न येतो, “याआधी किती प्रकरणांत पंच होता?” तो म्हणतो, “आठवत नाही.” मग बचाव पक्ष दुसऱ्या खटल्यांतल्या पंचनाम्यांच्या नकला पुढे ठेवतो. तिथून पुढे जप्ती खरी असली तरी न्यायाधीशांना तिच्यावर विसंबणे अवघड होते.

मोहाच्या हातभट्टीची एक साधी जप्ती घ्या. कागदोपत्री सगळे शिस्तीत असते : सडव्याचे (आंबवलेल्या मोहाचे) ड्रम मोजले, नमुना बाटलीत काढला, तोंडाला कापड बांधून लाखेचे सील केले, पंच आणि अंमलदार यांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवली, उरलेला माल जागीच नष्ट केला. प्रत्यक्षात पंच नाल्याच्या अलीकडे गाडीपाशी थांबलेला असतो. बाटलीवरची चिठ्ठी ठाण्यात आल्यावर चिकटते. कोऱ्या चिठ्ठ्यांवर आधीच सह्या घेतलेल्या असतात, म्हणून कधी सहीच्या वर गुन्हा क्रमांक दिसतो, आणि तो गुन्हा दाखल झालेला असतो जप्तीनंतर दोन तासांनी! नमुना रासायनिक विश्लेषणाला जातो, अहवाल दारू असल्याचा येतो, पण ती बाटली त्याच ड्रममधली होती हे सांगणारा एकही विश्वासाचा माणूस उरत नाही. प्रयोगशाळा कितीही चांगली असो, ही कडी पंचाशिवाय जोडली जात नाही.

कॅमेऱ्याने हे आपोआप सुटेल असे ज्यांना वाटते त्यांनी चित्रफिती नीट पाहाव्यात. ॲपमध्ये एकेक तुकडा चार मिनिटांपर्यंतचा असतो. ड्रम दिसतो, बाटली दिसते, दोन पंच कडेला उभे दिसतात. सील करण्याचा क्षण बहुधा दोन तुकड्यांच्या मधे निसटतो. पंच स्वतः काही बोलत नाही. तो कोण, कुठला, आरोपीशी त्याचे नाते काय, किती वेळा पंच झाला, हे कॅमेऱ्यात येत नाही.

दुसरी तक्रार वस्त्यांची, आणि ती आम्हाला सर्वांत जास्त बोचते. दलित वस्तीतल्या माणसाला मारहाण झाली, घटनास्थळ पंचनाम्याला पंच बोलावले गावातून, म्हणजे बहुतेक वेळा आरोपीच्या आळीतून. कधी फिर्यादी त्याच पंचाच्या वावरात मजुरीला जातो. कधी पंच आरोपीचा सालदार असतो. असा पंच कोर्टात मालकाविरुद्ध उभा राहील, ही अपेक्षाच चूक आहे. रक्ताचे डाग कुठे होते, काठी कुठे पडली होती, दार कोणत्या बाजूने तुटले होते, हे त्याने पाहिलेले असते, तो म्हणतो, “मला पोलिसांनी सही करायला सांगितली, मी केली.” सरकारी वकील भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १५७ खाली परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराला उलटे प्रश्न विचारतात, आणि त्यातून सहसा काही निघत नाही. याच्या उलटही घडते. धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) भांडणात फिर्यादीचे चुलतभाऊ पंच होतात, आणि बचाव पक्षाला फार काही करावेच लागत नाही.

पारधी बेडे, बंजारा तांडे, कोलाम पोड या वस्त्यांचा अनुभव आणखी वेगळा. झडती त्यांच्या घराची होते, पंच मात्र कायम बाहेरचा. बेड्यावरचे लोक स्वतंत्र नाहीत, असे गृहीतच धरलेले असते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर जन्माने शिक्का मारला, त्यांचा तो शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला. ठाण्याच्या सवयीतून तो अजून गेलेला नाही.

भाषेचे तर कोणी नावही काढत नाही. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, यवतमाळात कोलामी बोलणारा माणूस पंच म्हणून बसतो. पंचनामा लिहिला जातो ठाण्याच्या मराठीत : ‘सदर इसमाचे अंगझडतीत मिळून आलेला मुद्देमाल’ वगैरे. शेवटी ‘आम्हां पंचांस वाचून दाखविला, बरोबर आहे’ असे वाक्य असते आणि खाली अंगठा. कोर्टात दुभाषा बसतो तेव्हा कळते की मधला अर्धा पंचनामा त्या माणसापर्यंत पोचलेलाच नव्हता. तो खोटे बोलत नसतो. त्याला जे दाखवले ते तो सांगतो, आणि ते कागदाशी जुळत नाही.

स्त्रियांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. विहिरीत सापडलेल्या किंवा जळालेल्या विवाहितेच्या मरणोत्तर पंचनाम्याला पंच म्हणून दोन पुरुष उभे असतात. प्रेत झाकलेले असते; लाजेखातर, संकोचाखातर ते पाच हात लांबून बघतात. पंचनाम्यात लिहायचे असते ते जवळून पाहण्याचे : गळ्यावर वळ आहे का, बांगड्या फुटलेल्या आहेत का, नखांत काही आहे का, केसांना रॉकेलचा वास आहे का, कपडे ओले असताना पाठीला चिखल कुठला. एखादी बाई पंच असेल तर अंगावरचे कापड बाजूला करून हे पाहणे सोपे जाते. लग्नाला सात वर्षे झालेली नसताना मृत्यू झाला तर चौकशी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाते, तिथेही पंचांची जोडी बहुधा पुरुषांचीच. बाईची अंगझडती बाईनेच घ्यावी, असे कलम १०३(३) सांगते. ती झडती पाहणारा पंच कोण असावा, याबद्दल ठाण्यात कोणाला ठाम सांगता येत नाही, मग ऐनवेळी पोलीस पाटलांच्या घरातून कोणाला तरी बोलावून आणतात.

गंभीर गुन्ह्यांत शासकीय, निमशासकीय कर्मचाऱ्यांना पंच घ्यावे, असा तोडगा शासनाने काढला आहे. त्यात एक फायदा खरा आहे : ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक बदली होऊन गेले तरी सापडतात, पेशीला येतात, आणि फितूर होण्याची शक्यता कमी. पण चार-पाच गावांचा कारभार सांभाळणारा तलाठी त्या वस्तीचा रहिवासी नसतो. त्याला जागेची माहिती नसते, म्हणून तो लिहून दिलेलेच सांगतो. शासनाचा पगार घेणारा माणूस शासनाच्या खटल्यात किती स्वतंत्र, हा प्रश्न बचाव पक्ष विचारतोच. पोलीस पाटलाबद्दल तर बोलायलाच नको. ते पद पोलिसांना मदत करण्यासाठीच आहे. एक पंच कर्मचारी आणि एक वस्तीतला रहिवासी, अशी जोडी असेल तर आमची हरकत नाही.

मजुरीचे काय? कापूस वेचणीच्या किंवा धान रोवणीच्या दिवसांत पंचाचा अख्खा दिवस जातो. पंचनाम्याच्या दिवसाचे त्याला काही मिळत नाही. न्यायालयात आल्यावर कलम ३५० नुसार साक्षीदाराचा खर्च देता येतो, पण तो मागावा लागतो, पावती भरावी लागते, आणि हे पंचाला सहसा कोणी सांगत नाही. खटला उभा राहीपर्यंत काही वर्षे जातात. तोवर पंच वीटभट्टीवर किंवा पुण्याकडे कामाला गेलेला असतो. समन्स घरच्या दारावर लागते. आला तर आरोपीच्या वकिलाचा अर्ज, पुढची पेशी, परत बस. साक्षीदार हजर असताना विशेष कारणाशिवाय तहकुबी देऊ नये, हे कलम ३४६ मध्ये स्पष्ट आहे. यातला काही दोष आम्हा वकिलांच्या पेशाचाही आहे, हे इथे नोंदवतो.

हे सगळे आजवर खपून गेले, कारण कलम १०३(४) पाळले नाही म्हणून झडती आपोआप रद्द होत नाही. न्यायालये त्याला अनियमितता म्हणतात आणि पुराव्याचे वजन कमी करतात. पंच फितूर झाला तरी तपासी अंमलदाराच्या विश्वासार्ह साक्षीवर जप्ती सिद्ध होऊ शकते, हेही खरे. त्यामुळे ठाण्याला पंच नीट निवडण्याची गरज वाटत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एका निकालात आरोपीच्या निवेदनावरून होणाऱ्या जप्तीची पद्धत पायरीपायरीने सांगितली : निवेदन घेण्यापूर्वीच दोन स्वतंत्र पंच हजर हवेत, आरोपीचे शब्द त्यांच्यासमोर नोंदवायचे, आणि तेच पंच पुढे जागेवर जायचे. त्या खटल्यात ही साखळी तुटली होती आणि फाशीची शिक्षा टिकली नाही. आपल्याकडे निवेदन ठाण्यात लिहून झाल्यावर वाटेत चौकातून पंच उचलण्याची रीत अजून आहे.

दुसरीकडे काय करतात तेही सांगतो. इंग्लंड-वेल्समध्ये ज्युरर १८ ते ७५ वयाच्या नोंदणीकृत मतदारांतून यादृच्छिक पद्धतीने निघतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ठरवले की सरकारी वकिलाला वंश पाहून ज्युरर वगळता येणार नाही. लांब जायचीही गरज नाही. आपल्याच बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात आणि त्यांत एक स्त्री असलीच पाहिजे, असे २०१५ चा कायदा सांगतो. नागरिकाची जागा ठरवायची, त्यात स्त्रीची जागा राखायची, हे आपल्याला जमत नाही असे नाही.

आमच्या मागण्या अशा. यांतल्या बहुतेकांना कायदा बदलावा लागत नाही, आपल्या सहीचा स्थायी आदेश पुरतो.

ग्रामपंचायतनिहाय पंचयादी करा. आधार मतदारयादीचा घ्या, वय २१ ते ६५. प्रत्येक ग्रामपंचायतीतून ४० नावे, त्यांत २० स्त्रिया. नावे प्रभागनिहाय चिठ्ठीने काढा, आणि तांडा, पोड, बेडा, पाडा, दलित वस्ती यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या टाका, म्हणजे मोठ्या आळीच्या संख्येखाली त्या दबणार नाहीत. तहसीलदार कार्यालयाकडे याद्या आहेतच. यादी ग्रामसभेत वाचा, सात दिवस हरकतींना द्या, दर दोन वर्षांनी नवी करा.

अपात्रता मोजकी आणि लेखी असावी : पोलीस दलात, होमगार्डमध्ये किंवा पोलीस पाटील पदावर असणे; त्या गुन्ह्यातल्या फिर्यादी किंवा आरोपीचा नातेवाईक, मालक, मजूर किंवा कर्जदार असणे; गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली असणे. नुसता गुन्हा दाखल असणे ही अपात्रता ठरवू नका, कारण त्या एका चाळणीने बेडेच्या बेडे गळतील. शिक्षणाची अट नको. अंगठा उठवणाऱ्याचे डोळे शाबूत असतात. तान्ह्या बाळाची आई, आजारी माणूस, परीक्षा देणारा विद्यार्थी यांना मागितल्यावर सूट द्या.

एका माणसाला वर्षात दोनदापेक्षा जास्त पंच करू नका. त्यासाठी ठाण्यात पंचांची नोंदवही ठेवा : तारीख, गुन्हा क्रमांक, पंचाचे नाव, वस्ती, घटनास्थळापासूनचे अंतर, यादीतला क्रमांक, आणि यादीबाहेरचा असेल तर कारण. त्या पानाची नक्कल दोषारोपपत्रासोबत जोडा.

बोलावणे लेखी द्या. नकार दिल्याबद्दल कलम १०३(८) लावायचे तर कायद्यालाच लेखी आदेश लागतो. तोंडी दमदाटी बंद करा.

चित्रीकरण सुरू होताच पंचाने स्वतःच्या तोंडाने नाव, वस्ती, दोन्ही पक्षांशी नाते आणि याआधी किती वेळा पंच झाला ते सांगावे. आत शिरण्यापूर्वी पोलिसांची अंगझडती पंचाने घ्यावी. सील होताना तुकडा तोडू नका. पंचनामा पंचाच्या भाषेत वाचून दाखवा, तेही कॅमेऱ्यात येऊ द्या, आणि त्याची एक प्रत पंचाच्या हातात द्या. साक्षीपूर्वी त्याला तो वाचू द्या; साक्ष्य अधिनियमाच्या कलम १६२ खाली स्मरणासाठी कागद पाहण्याची मुभा आहे.

मृत व्यक्ती, पीडित किंवा झडती होणारी व्यक्ती स्त्री असेल तर किमान एक पंच स्त्री हवीच. ती आशाताई किंवा अंगणवाडी सेविकाच असावी असे नाही. त्यांच्यावर आधीच पुरेशी कामे आहेत.

पंचनाम्याच्या दिवसाची मजुरी रोजगार हमीच्या दराने आणि प्रवासखर्च त्याच दिवशी द्या. यासाठी तरतूद गृह विभागाने करावी. लांब गेलेल्या पंचाची साक्ष कलम ५३० नुसार दूरदृश्य पद्धतीने घेण्याचा अर्ज सरकारी वकिलांनी करावा. धमकी आली तर २०१७ च्या राज्याच्या साक्षीदार संरक्षण कायद्याखाली पंचालाही संरक्षण मिळू शकते, हे बोलावण्याच्या कागदावर छापा.

दोन आक्षेप येतील. पहिला, छापा टाकण्यापूर्वी गावातल्या पंचाला सांगितले तर बातमी फुटेल. पंचाला फक्त ठाण्यात बोलवा, गाव आणि घर गाडीत बसल्यावर सांगा. तरीही जमत नसेल तर शेजारच्या ग्रामपंचायतीच्या यादीतला पंच घ्या आणि कारण पंचनाम्यात लिहा. दुसरा, रात्री-अपरात्री यादी कोण शोधत बसेल. चाळीस नावांचा कागद बिट जमादाराच्या डायरीत मावतो. एकही माणूस आला नाही तर ज्यांना फोन केले त्यांची नावे आणि वेळ लिहा. न्यायालय तेवढे समजून घेते.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत पहिल्या याद्या वाचल्या जाव्यात आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभांपर्यंत हरकती निकाली निघाव्यात, अशी आमची मागणी आहे. प्रत्येक जिल्ह्याने सुरुवातीला दोन ठाणी निवडावीत, त्यांत एक दारूबंदीच्या किंवा आदिवासी भागातले असावे. याद्या करताना हरकती कशा तपासायच्या, बोलावण्याच्या कागदाचा मसुदा कसा असावा, अंमलदारांना उलटतपासात नेमके काय विचारले जाते, यासाठी आम्ही तालुक्याच्या ठिकाणी विनामोबदला वेळ देऊ. यादीला वेळ लागणार असेल तर नोंदवही आधी सुरू करा. तिला मंजुरी लागत नाही.

आपले,
विदर्भातील तालुका व सत्र न्यायालयांत फौजदारी काम करणारे वकील